दार अडवून उभी

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी माणसांत रेखा टिपणीसचं नाव निघालं की कुणीतरी हमखास हसतं आणि कुणाच्या तरी कपाळाला हमखास आठ्या पडतात. हसणाऱ्यांचं तिच्याशी भांडून झालेलं असतं, आठ्यावाल्यांचं अजून चालू असतं. बाई उंचीने बेताची, अंगाने किरकोळ, पण मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तिला माइक लागत नाही. मूळची जळगावची. नोकरी एका औषध कंपनीत, क्वालिटीच्या खात्यात. म्हणजे तयार झालेल्या गोळ्यांकडे संशयाने बघायचं आणि जरा इकडचं तिकडे दिसलं की अख्खी बॅच नापास करायची, याचा तिला पगार मिळतो. "देवाने माणूस बघून काम दिलंय," असं तिचा नवरा विनय म्हणतो, पण ती खोलीत नसताना.

एकदा तिने मागच्या डेकवर सांडगी मिरच्या वाळत घातल्या. शेजारच्या गोऱ्या आजोबांना ते खटकलं, त्यांनी कॉलनीच्या कमिटीकडे तक्रार केली, कमिटीची नोटीस आली. दुसऱ्या कुणी मिरच्या निमूटपणे आत घेतल्या असत्या. रेखाने कॉलनीचे नियम पहिल्या पानापासून वाचून काढले, मीटिंगला गेली आणि विचारलं, "यात कपडे वाळत घालायला मनाई आहे. मिरच्यांना कुठे आहे, दाखवा." कमिटीला दाखवता येईना. मिरच्या डेकवरच वाळल्या. पुढे तिने त्याच आजोबांना त्या तळून नेऊन दिल्या, आणि आजोबा नाक पुसत पुसत सगळ्या खाऊन बसले.

अशा बाईला कधीकाळी एखाद्याला नाही म्हणता आलं नसेल, हे कुणाला पटलं नसतं. पण तसं एकदा झालं होतं, आणि ते तिने विनयलासुद्धा सांगितलं नव्हतं.

मुलगी उर्वी कॉलेजला गेली तेव्हा घर एकदम गप्प झालं. विनय तसाही मितभाषी, त्यात भांडणाला घाबरणारा, त्यामुळे रेखाला घरात बोलायला आणि भांडायला कुणी उरलं नाही. तिने व्हॉलंटियरचं काम शोधलं, तेही जवळपासचं नाही. कॅरीहून दीड तास गाडी चालवत, रताळ्यांची आणि तंबाखूची शेतं मागे टाकत गेलं की एका लहानशा गावात कोंबड्यांचा प्लँट लागतो. त्या प्लँटमध्ये काँगोहून आलेली बरीच कुटुंबं कामाला आहेत. लढाईतून निसटलेली, कित्येक वर्षं छावण्यांत काढलेली, शेवटी सरकारने इथे आणून वसवलेली. प्लँटच्या पलीकडे बाळंतपणाचं एक छोटं क्लिनिक. ते चालवतात मिस लोरेटा, त्याच गावात वाढलेल्या काळ्या मिडवाइफ. पंचक्रोशीतली निम्मी पोरं त्यांना दुसरी आजी समजतात.

तिथे रेखाचं काम एवढंच, की जी बाई एकटी आली असेल तिच्यापाशी थांबायचं. पाठ चोळायची, बर्फाचे खडे द्यायचे, हात धरून येरझाऱ्या घालायच्या. त्यासाठी आधी रीतसर शिकवलं होतं. क्लिनिकमध्ये त्याला मोठं इंग्रजी नाव आहे. रेखा म्हणते, "मी सोबतीला जाते."

मंडळातल्या आश्लेषाने तिला विचारलं होतं, "अगं, आपल्या टेम्पलच्या किचनमध्ये माणसं मिळत नाहीत, आणि तू एवढं ड्राइव्ह करून कुठे जातेस?"

"किचनमध्ये कुणी कळा देत नसतं," रेखा म्हणाली. "आपल्या पोरींना दिवस गेले की पुण्याहून आई येते डिंक, अळीव, मेथ्या घेऊन. कस्टमवाल्यांशी भांडून बॅग सोडवते. या बायकांच्या आया कुठून येणार?"

 आश्लेषाने विषय बदलून पोह्यांची रेसिपी काढली.

आता डॉक्टरकाकांबद्दल सांगायला हवं. डॉ. देवदत्त नाडकर्णी म्हणजे इथल्या मराठी माणसांतले सर्वांत जुने. भारतीय भाजी मिळत नव्हती तेव्हा अमेरिकेत आलेले, स्त्रीरोगतज्ज्ञ, आता निवृत्त. माणूस चांगला, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून गैरसमज व्हायचा. कुणाची नोकरी गेली, कुणाचा व्हिसा अडकला, तिकडे कुणाचे वडील गेले आणि तिकीट मिळेना, की पहिला फोन काकांना. मंडळाचा हॉल त्यांच्या खटपटीने उभा राहिला. रेखाने सांगितलं म्हणून त्या क्लिनिकलाही त्यांनी सोनोग्राफीचं मशीन घेऊन दिलं होतं.

त्यांची एकच गोष्ट रेखाला सोसत नसे. इथली कितीतरी मराठी पोरं त्यांच्या हातून जन्मलेली. पिकनिकला एखाद्या दाढी फुटलेल्या पोराच्या डोक्यावर टपली मारून ते म्हणत, "याला मी जगात आणला!" लोक हसत, पोरगा लाजत असे. उर्वीच्या डोक्यावर हात ठेवून ते हेच म्हणत, तेव्हा रेखा भजी आणायला उठून जाई. विनयला वाटे, हिला भजी फार आवडतात.

तर, उर्वीला मेडिकलला जायचं होतं. आपल्याकडच्या आयाबापांना ठाऊक आहे, इथे त्यासाठी नुसते मार्क पुरत नाहीत. दवाखान्यात काम केलं, माणसांची दुःखं जवळून पाहिली, असं काहीतरी दाखवावं लागतं. शिवाय कुणा जाणत्या डॉक्टरची शिफारस लागते. एका पिकनिकला रेखाने क्लिनिकच्या गोष्टी सांगितल्या, आणि काकांच्या डोळ्यांत चमक आली. "आपली मुलं नेऊ या की तिथे! लोक त्यासाठी आफ्रिकेत जातात, खेड्यातल्या दवाखान्यात बाळंतपणं बघतात, फोटो काढून आणतात. इथे आफ्रिका दीड तासावर आलीय."

लोक हसले. रेखाही हसली, हे लपवण्यात अर्थ नाही. उर्वीचं काम होईल या आनंदात तिला त्या बोलण्यातलं काही टोचलं नाही. मिस लोरेटांना काकांनी फोन केला. त्या म्हणाल्या, बाळंत होणारी आई हो म्हणाली तर माझी हरकत नाही. काकांनी मुलांसाठी पांढरे कोट शिवून घेतले, खिशावर मंडळाचं बोधचिन्ह.

ठरलेल्या शनिवारी रेखा सकाळीच एकटी पुढे गेली. मुलं काकांच्या व्हॅनमधून मागून येणार होती.

खोलीत फुराहा होती. पहिलटकरीण, वय फार तर उर्वीएवढं. नवरा प्लँटवर शिफ्टला, सुट्टी मिळाली नव्हती. आई कुठे आहे हे रेखाने विचारलं नाही, तेवढं ती तिथे शिकली होती. फुराहाला स्वाहिली येई, इंग्रजीतलं मोजकंच. क्लिनिककडे फोनवर दुभाषी मिळायची सोय होती, पण कळा सोसायला दुभाषी लागत नाही. दोघी कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत राहिल्या. कळ आली की फुराहा भिंतीला हात टेकून वाकायची आणि रेखा दोन्ही मुठींनी तिच्या माकडहाडावर दाब द्यायची. कळ ओसरायला लागली की रेखा तिच्या कानाशी म्हणायची, "झालं, झालं, झालं." चारपाच कळांनंतर फुराहाच दात आवळून म्हणायला लागली, "झालं, झालं." आणि मग दोघी हसल्या, कारण झालं मुळीच नव्हतं.

पण रेखाला एक गोष्ट खटकत होती. बर्फ हवाय का विचारलं, तर फुराहा म्हणाली, "येस." बर्फ पेल्यात तसाच वितळला. खिडकी लावू? "येस." उघडू? "येस." थंडी वाजतेय? "येस." प्रत्येक वेळी हसून, मान लववून, समोरच्याला त्रास पडू नये अशा बेताने. हे येस रेखाच्या ओळखीचं होतं. कुठून ओळखीचं, ते तिला अजून आठवायचं नव्हतं.

दुपारी कळा जवळ आल्या आणि फुराहा पलंगावर आडवी झाली. मिस लोरेटा शेजारच्या खोलीत दुसऱ्या बाईला तपासत होत्या. तेवढ्यात कॉरिडॉरमध्ये मराठी ऐकू आलं, आणि दारातून काका आत आले. मागे उर्वी, वेद, निमिष आणि रुही, चौघांचे कोट कडक इस्त्रीचे. वेदच्या कोटाच्या बाहीला दुकानाचं लेबल अजून लटकत होतं. मुलांचे चेहरे बावरलेले, वागणं अदबीचं. कुणी काही वावगं केलं नाही.

काका पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. "हॅलो माय डिअर," ते प्रेमाने म्हणाले. "हे तरुण डॉक्टर होणार आहेत. तुझं बाळ येताना त्यांनी पाहिलं तर चालेल ना?"

"येस," फुराहा म्हणाली. काका शहाणे होते. नुसत्या इंग्रजीवर विसंबले नाहीत. त्यांनी फोन लावून दुभाषीला स्पीकरवर घेतलं. पलीकडून एका बाईचा शांत आवाज आला, तिने तोच प्रश्न स्वाहिलीत विचारला. फुराहा म्हणाली, "न्दियो." दुभाषी म्हणाली, "ती हो म्हणतेय." फुराहा हसली, मान लववली, आणि मग तिने डोळे मिटून घेतले.

ते मिटलेले डोळे बघितले आणि ते येस कुठून ओळखीचं आहे, ते रेखाला आठवलं.

उर्वीच्या वेळी रेखाला अमेरिकेत येऊन वर्षही झालं नव्हतं. आईचा व्हिसा नाकारला गेला होता, डिंक-अळिवाची बॅग जळगावात भरलेली राहिली. विनयला रक्त दिसलं की घेरी येते, म्हणून तो बाहेर. डॉक्टर मराठी मिळाले म्हणून तिने देवाचे आभार मानले होते. ऐन कळांत काका आत आले, मागे पांढऱ्या कोटांचा घोळका. पायथ्याशी उभे राहून ते हसून म्हणाले, "काय रेखा, आमची ही मुलं बघतील हं, चालेल ना?" आणि ती म्हणाली, "हो काका, चालेल की." चहाला दोन माणसं जास्त आली तर म्हणावं इतक्या सहज. डॉक्टरांना नाही म्हणायचं नसतं, मोठ्यांना नाही म्हणायचं नसतं, आणि परमुलखात जो एक आपला माणूस भेटलाय त्याला तर नाहीच नाही, असंच तिला घरातून शिकवलेलं होतं. मग कुणीतरी वाकून पाहिलं. कुणीतरी काहीतरी विचारलं. कुणीतरी हसलं, कदाचित दुसऱ्याच कशाला. कुणी वाईट वागलं नाही, सगळं रीतीने आणि हळुवार झालं. आणि नंतर कितीतरी दिवस रेखाला कितीही आंघोळ केली तरी स्वच्छ वाटत नव्हतं.

ती भांडखोर झाली ती त्यानंतर. जळगावची माणसं शपथेवर सांगतील, की लहानपणी ही पोरगी गरीब गाय होती.

"चला पोरांनो, बाहेर," रेखा म्हणाली. तिने वेदला खांद्याला धरून वळवलं, त्याच्यामागोमाग बाकीची तिघं आपोआप वळली. काकांना तिने हात लावला नाही, पण त्यांच्याकडे अशी बघत राहिली की तेही कॉरिडॉरमध्ये आले. मग ती स्वतः दारात उभी राहिली, एक हात चौकटीच्या एका बाजूवर, दुसरा दुसऱ्या बाजूवर.

"रेखा, हे काय चाललंय?" काकांनी विचारलं. आवाज अजून मऊ होता.

"आत कुणी जायचं नाही."

"अगं, ती हो म्हणाली. इंग्रजीत म्हणाली, तिच्या भाषेत म्हणाली. आणखी कसं विचारायचं?"

"आई, स्टॉप इट," उर्वी दबक्या आवाजात म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "यू आर जस्ट अ व्हॉलंटियर. यू आर एम्बॅरसिंग मी."

"हो, नुसती व्हॉलंटियरच आहे," रेखा म्हणाली. "सोबतीला ठेवलंय मला. तेच करतेय."

काकांनी चष्मा सारखा केला. "हे बघ, डॉक्टर काय आभाळातून पडतात का? सगळे बघूनच शिकतात. मीही तसाच शिकलो."

"डॉक्टरांनी जरूर शिकावं. ही मुलं अजून डॉक्टरकीच्या शाळेतही गेली नाहीत, काका. यांना शिकायचं नाहीये. यांना पाहिलं असं सांगायचंय."

निमिष कोटाच्या बटणाशी चाळा करायला लागला. काका थोडे जवळ आले आणि मुलांना ऐकू जाणार नाही अशा बेताने बोलले. "पुढच्या महिन्यात उर्वीसाठी मला शिफारस लिहायची आहे. आठवण आहे ना? उगाच कटुता नको."

रेखाने लेकीकडे पाहिलं. उर्वीने ऐकलं होतं. गेली तीन वर्षं ही पोर झोपेतसुद्धा केमिस्ट्री बडबडत होती, आणि तिच्यासाठी शब्द टाकेल असा दुसरा मोठा डॉक्टर त्यांच्या ओळखीत नव्हता. रेखाचा चौकटीवरचा हात घसरला. तो तिने पुन्हा वर नेला.

"लिहू नका," ती म्हणाली.

"वेडी आहेस का तू? बाई हो म्हणतेय!"

"मीही हो म्हटलं होतं, काका," रेखा म्हणाली. आता तिचा आवाज वर गेला, आणि तो वर गेला की सगळ्या इमारतीला ऐकू जातो. "तेही मराठीत. दुभाषीसुद्धा लागला नव्हता."

"कधी?"

"उर्वीच्या वेळी."

काका तिच्याकडे बघत राहिले. त्यांना काही म्हणता काही आठवत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. कुठून आठवणार? त्यांच्यासाठी तो एक कामाचा दिवस होता. "अगं, मग तेव्हाच बोलायचंस ना," ते म्हणाले.

"तेव्हा तुम्ही पायथ्याशी उभे होतात आणि मी आडवी होते," रेखा म्हणाली. "आज मी उभी आहे."

शेजारच्या खोलीतून मिस लोरेटा हातमोजे काढत बाहेर आल्या. "माझ्या दारात कसली सभा भरलीय?"

काकांनी सभ्यपणे सगळं सांगितलं. बाईंची संमती घेतली आहे, दुभाषी साक्षीला आहे, ही आमची रेखा जरा भावनेच्या भरात आली आहे. 'भावनेच्या भरात' हे शब्द ऐकून रेखाच्या मस्तकाची शीर उठली, पण ती गप्प बसली. फुराहा सकाळपासून प्रत्येक गोष्टीला कशी येस म्हणतेय, हे तिथेच दाखवून देणं तिला सोपं होतं. दाराशी उभं राहून दोन उलटसुलट प्रश्न विचारले असते की झालं असतं. पण मग आणखी पाच माणसांसमोर त्या पोरीची परीक्षा झाली असती. तिने तो विचार सोडून दिला.

"मिस लोरेटा, तिला परत विचारा," ती म्हणाली. "पण हे कुणी समोर नसताना. आणि हो किंवा नाही असा प्रश्न नको. खोलीत कोण कोण हवंय, एवढंच विचारा."

"आणि तिने सगळ्यांना बोलावलं तर?" काकांनी विचारलं.

"तर मी बाजूला होईन, आणि मंडळाच्या हॉलमध्ये माइकवरून तुमची माफी मागेन."

मिस लोरेटांनी तिच्याकडे एकदा, काकांकडे एकदा पाहिलं. मशीन कुणी दिलं होतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्या आत गेल्या आणि दार लोटून घेतलं.  आतून फोनवरची दुभाषी ऐकू आली, मग बराच वेळ काहीच नाही. रेखाच्या मनात आलं, ही पोर आताही सवयीने सगळ्यांना या म्हणेल, आणि आपली शोभा होईल ती होईलच. शिवाय उर्वीचं वर्ष आपण फुकट घालवलेलं असेल. मग आतून फुराहाचा आवाज आला. सकाळपासून तिने एवढं लांब वाक्य बोललेलं रेखाने ऐकलं नव्हतं. मध्ये कळ आली, ती थांबली, आणि कळ ओसरल्यावर पुन्हा तिथूनच बोलायला लागली.

मिस लोरेटांनी दार उघडलं. "तिला मी हवी आहे," त्या म्हणाल्या. "आणि ती पाठ दाबणारी मावशी हवी आहे. बाकी कुणी नको. शिवाय ती म्हणते, हे दार सकाळपासून उघडं आहे, कुणीतरी बंद करा." मग त्या काकांकडे वळल्या. "डॉक्टर, मशीनबद्दल आम्ही तुमचे कायमचे आभारी आहोत. कॉफी तिकडे वेटिंग रूममध्ये आहे."

 अपमान झालेला माणूस जसा उगाच ताठ चालतो तसे काका ताठ चालत गेले. वेद, निमिष आणि रुही त्यांच्या मागे गेली, आणि थोड्या वेळाने व्हॅन निघाल्याचा आवाज आला. उर्वी गेली नाही. ती कॉरिडॉरमधल्या खुर्चीत आईकडे पाठ करून बसली. रेखा आत गेली आणि दार लावून घेतलं.

पुढचं झपाट्याने झालं. फुराहाने रेखाचा हात असा धरला की अंगठी मांसात रुतली. बंद दाराच्या आत तीच हसरी, लववून बोलणारी पोरगी ओरडायला लागली, स्वाहिलीत कुणाला तरी शिव्या घालायला लागली. बहुतेक नवऱ्याला, नाहीतर प्लँटच्या मॅनेजरला. रेखाने बर्फाचा खडा पुढे केला तर तिने पेला उडवून लावला. "नो!" ती म्हणाली. दिवसभरातलं तिचं पहिलं नो. रेखाला इतका आनंद झाला की ती खाली पडलेला बर्फ विसरून मोठ्याने म्हणाली, "शाब्बास!"

शेवटच्या कळेला फुराहा कोपरांवर उठून बसली. तिने डोळे मिटले नाहीत. टक्क उघड्या डोळ्यांनी ती खाली बघत राहिली, आणि बाळाचं डोकं आलं, खांदे आले, मग एकदम सगळं बाळ मिस लोरेटांच्या हातांत आलं, तेव्हा सगळ्यांत आधी ते तिने पाहिलं. मुलगी होती. काळीभोर, चिडलेली, मुठी वळलेल्या.

"झालं?" फुराहाने विचारलं.

"झालं!" रेखा म्हणाली. "आता खरंच झालं गं." आणि मग तिला रडू फुटलं, तेही मोठ्याने, कारण हळू काही करायचं तिला येतच नाही.

ती बाहेर आली तेव्हा तिची मनगटं सुजली होती. उर्वीने तिच्या हातातून किल्ल्या घेतल्या. कोट काढून तिने मागच्या सीटवर टाकला आणि गाडी सुरू केली.

रताळ्यांची शेतं सुरू झाली.

"ही इज नॉट गोइंग टू राइट फॉर मी," उर्वी म्हणाली. "यू नो दॅट, राइट?"

"माहीत आहे."

"अँड यू डोन्ट इव्हन फील बॅड?"

"वाटतंय. फार वाईट वाटतंय. तुझं नुकसान केलं मी, ते नाही म्हणत नाही. पण परत वेळ आली तरी बाजूला होणार नाही."

उर्वीने स्टिअरिंगवर जोरात हात आपटला. तिचं चिडणं थेट आईवर गेलं आहे, हे तिला कुणी कधी सांगितलेलं नाही.  मग रस्त्यावरची नजर न काढता तिने विचारलं, "व्हॉट यू टोल्ड हिम. अबाउट व्हेन आय वॉज बॉर्न. हाउ मेनी पीपल वेअर देअर?"

"मोजले नाहीत."

"आई."

"खरंच मोजले नाहीत गं. मी डोळे मिटून घेतले होते." रेखा खिडकीबाहेर बघत म्हणाली. हे वाक्य इतकी वर्षं तिने कुणालाच ऐकवलं नव्हतं, आणि आता ते साध्या आवाजात बाहेर आलं. "तू आलीस तेव्हाही मिटलेलेच होते. कुणीतरी म्हणालं, ब्यूटिफुल. कुणीतरी म्हणालं, केस बघा किती. तरी मला उघडता येईनात. ते सगळे जाईपर्यंत मी तशीच पडून राहिले. तुला त्या खोलीतल्या सगळ्यांनी पाहिलं, पोरी. मी सगळ्यांत शेवटी."

एका गावातला सिग्नल लाल झाला. उर्वीने गाडी थांबवली. मागे कुणाचा तरी पिकअप ट्रक येऊन उभा राहिला. उर्वीने गॉगल काढला, केस कानामागे सारले आणि पूर्ण वळून आईसमोर चेहरा धरला. डोळे लाल होते, नाक वाहत होतं. ही पोरगी लहानपणापासून आईच्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देत आलेली.

"बघ," ती मराठीत म्हणाली.

सिग्नल हिरवा झाला. मागच्या ट्रकने एकदा हॉर्न दिला, मग लांबलचक दिला. उर्वी दचकून पुढे वळायला लागली, तर रेखाने तिची हनुवटी सुजलेल्या हाताने धरली.

"वाजवू दे त्याला," ती म्हणाली, आणि बघत राहिली.